चेंडू स्टंपला लागतो, दिवा पेटतो, तरी फलंदाज नाबाद! एलईडी बेल, म्हणजे स्टंपांच्या डोक्यावर आडव्या ठेवायच्या दिव्याच्या दांड्या, जड असतात म्हणून पडत नाहीत का? आमच्या सोसायटीच्या स्पर्धेला असा सेट घ्यावा का?

तुमच्या प्रश्नातलं 'जड असतात म्हणून' हे वाचलं आणि राहवेना. २०१९च्या विश्वचषकापासून हे वाक्य प्रत्येक मैदानावर, प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं. मला ते पटत नाही. बेल पडत नाही याची कारणं दहा आहेत आणि वजन त्यांत फार खालच्या नंबरावर आहे. पहिल्या नंबरावर आहे स्टंप ठोकणारा माणूस. पण त्याला कोण बोलणार, तो बहुतेक वेळा स्पर्धेचा आयोजकच असतो.

आधी नियम. नियम क्रमांक २९ प्रमाणे यष्टी मोडली असं कधी म्हणायचं? किमान एक बेल स्टंपच्या डोक्यावरून पूर्ण निघाली पाहिजे, किंवा एखादा स्टंप जमिनीतून उखडला पाहिजे. बेल हलली, उडी मारून पुन्हा स्टंपच्या डोक्यावरच्या खाचेत बसली, तिरकी झाली, तर काहीही झालेलं नाही. दिवा पेटला असला तरी नाही. याउलट बेल खाली येताना दोन स्टंपांच्या मध्ये अडकून राहिली तर ती निघाली असंच धरतात, भले ती जमिनीला लागलेली नसो. हे फार कमी जणांना माहीत असतं आणि गल्लीत यावरून हमरीतुमरी होते.

मग दिवा कशासाठी? बाद ठरवण्यासाठी नाही, बाद कधी झाला ते ठरवण्यासाठी. आंतरराष्ट्रीय सामन्यात धावचीत किंवा यष्टिचीत तपासताना ज्या फ्रेममध्ये दिवा पहिल्यांदा पेटलेला दिसतो तो क्षण धरतात. अट एकच, पुढच्या फ्रेम्समध्ये बेल कायमची निघालेली दिसली पाहिजे. लाकडी बेलच्या काळात तिसरा पंच झूम करून करून बघायचा की ही खाचेतून उठली की अजून टेकलेली आहे. १९९२ साली डर्बनला सचिन तेंडुलकर टीव्ही पाहून धावचीत दिला गेलेला पहिला फलंदाज ठरला, तेव्हापासून ही कसरत चालू होती. ऑस्ट्रेलियातल्या ब्राँटी एकरमन यांच्या कल्पनेतून निघालेल्या 'झिंग' या दिव्याच्या बेल २०१२-१३च्या बिग बॅश या तिथल्या टी-२० स्पर्धेत आल्या आणि ही कसरत बरीच कमी झाली. त्यांच्या बेलमध्ये दोन्ही टोकांचा संपर्क सुटला की दिवा लागतो. एक टोक उठून उपयोग नाही.

आता वजनाचं. बेलला चेंडू सहसा लागतच नाही. चेंडू लागतो स्टंपला, स्टंपचं डोकं हलतं आणि ते डोकं बेलला ढकलतं. म्हणजे बेल ही बसच्या टपावर ठेवलेल्या सामानासारखी. बसला धक्का बसला की हलकी पिशवी आणि जड पिशवी जवळपास सारख्याच घसरतात, कारण जड पिशवीला हलवायला जोर जास्त लागत असला तरी बस तो देतेच. बेल खाचेच्या काठावर चढून बाहेर पडणार की नाही, हे खाचेची खोली, खाचेची रुंदी आणि स्टंपचं डोकं किती झटक्यात हललं यावर ठरतं. वजन इथे जवळजवळ कटून जातं. वजनाचा खरा उपयोग वाऱ्यात. वारा बेलला थेट ढकलतो, तिथे जड बेल टिकते आणि हलकी उडते. म्हणून तर वाऱ्याच्या दिवशी पंच मुद्दाम जड लाकडाच्या बेल वापरतात आणि त्याबद्दल गेली कित्येक वर्षं कुणी ब्र काढलेला नाही. दिवा बसवला की मात्र सगळ्यांना वजन आठवतं.

आता २०१९चं बघा. पहिल्या दहा-अकरा दिवसांत पाच वेळा बेल पडल्या नाहीत. रशीदच्या चेंडूवर डी कॉक, बोल्टच्या चेंडूवर करुणारत्ने, स्टार्कच्या चेंडूवर गेल, स्टोक्सच्या चेंडूवर बांगलादेशचा सैफुद्दीन आणि ९ जूनला ओव्हलवर बुमराच्या चेंडूवर वॉर्नर. ही पाच प्रकरणं एकाच पोत्यात घालतात, तिथेच चूक होते. गेलला स्टार्कचा वेगवान चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेरच्या अंगाला घासून गेला. आवाज इतका स्पष्ट की पंचांनी झेलबाद दिलं, रिव्ह्यूत कळलं की तो आवाज बॅटचा नव्हे, स्टंपचा. घासून जाणारा चेंडू आपला सगळा वेग घेऊन पुढे जातो, स्टंपला त्यातला चिमूटभर मिळतो. डी कॉकचंही तेच, चेंडू स्टंपला स्पर्श करून सीमापार गेला आणि वर चार धावा मिळाल्या. वॉर्नरचं मात्र अगदी वेगळं. चेंडू बॅटची आतली कड घेऊन खाली आला, वेग मेलेला, आणि लेग स्टंपच्या बुडाला लागला. स्टंप जमिनीत रोवलेला असतो, म्हणजे त्याचा बिजागर जमिनीपाशी. बिजागरापासून १० सेंटिमीटरवर लागलेला चेंडू आणि ६० सेंटिमीटरवर लागलेला तोच चेंडू, यांच्यामुळे स्टंपला मिळणारा वळवण्याचा जोर एकास सहा. दाराला कडीपाशी ढकला आणि बिजागरीपाशी ढकला, फरक बोटालाच कळेल. अशा वेळी बेल कापसाची असती तरी खाचेत बसून राहिली असती. वॉर्नर तेव्हा १ धावेवर होता, पुढे ५६ केल्या, सामना भारतानं ३६ धावांनी जिंकला म्हणून आपल्याकडे फार बोंब झाली नाही. हरलो असतो तर बेलची होळी केली असती.

जानेवारी २०२२ची सिडनी कसोटी आठवते? ग्रीनचा चेंडू, समोर स्टोक्स, पंच रायफल यांनी पायचीत दिलं. स्टोक्सनं रिव्ह्यू घेतला आणि रिप्लेत दिसलं की चेंडू पायाला लागलेलाच नाही, थेट ऑफ स्टंपला लागून मागे गेलाय. बेल जागच्या जागी. नाबाद! त्यानंतर सचिननं ट्विटरवर विचारलं होतं की, चेंडू स्टंपला लागला पण बेल पडली नाही, तर त्यासाठी वेगळा नियम करावा का. सचिनबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, माझं उत्तर 'नको'. पण त्या प्रसंगातली खरी गंमत वेगळी आहे आणि ती कुणी बोलत नाही. हाच चेंडू पॅडवर आदळला असता, पंचांनी बाद दिलं असतं आणि चेंडूच्या पुढच्या मार्गाचा अंदाज बांधणाऱ्या हॉक-आयनं 'स्टंपला जेमतेम घासला असता' असं चित्र दाखवलं असतं, तर 'अंपायर्स कॉल', म्हणजे मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम, म्हणून स्टोक्स घरी गेला असता. म्हणजे चेंडू स्टंपला लागेल असा अंदाज असेल तर बाद, आणि खरोखर लागला तर नाबाद! यावर हसायचं सोडून लोक बेलचं वजन करत बसतात.

तुमच्या स्पर्धेसाठी मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९९७चा फैसलाबादचा किस्सा. मुश्ताक अहमदचा चेंडू दक्षिण आफ्रिकेच्या पॅट सिमकॉक्सच्या ऑफ आणि मिडल स्टंपच्या मधून आरपार गेला. बेल तशाच. सिमकॉक्सनं त्या डावात ८१ केल्या आणि आफ्रिकेनं कसोटी ५३ धावांनी मारली. तेव्हा एलईडी नव्हतं, काहीही नव्हतं, साधी लाकडं. हे कसं घडू शकतं त्याचं गणित मांडतो, कारण हेच तुमच्या मैदानावर घडणार आहे.

तिन्ही स्टंपांची बाहेरून बाहेर रुंदी २२.८६ सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंच. एका स्टंपची जाडी जास्तीत जास्त ३.८१. तीन वजा केले, दोनानं भागलं, मधली फट येते ५.७ सेंटिमीटर. लेदर चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९, म्हणजे व्यास ७.१ ते ७.३. सरळ उभ्या स्टंपांतून तो जाऊच शकत नाही. पण बेलची पूर्ण लांबी आहे १०.९५ सेंटिमीटर. म्हणजे फट साडेसात सेंटिमीटर झाली तरी बेल आरामात वर टेकून राहते आणि चेंडू खालून पुलाखालच्या पाण्यासारखा निघून जातो. स्टंप वरून फाकलेले असले किंवा चेंडूनं क्षणभर फाकवले की झालं. १७७५ साली इंग्लंडमध्ये दोनच स्टंप असताना चेंडू मधून वारंवार जातोय म्हणून तिसरा आला, आणि आपण आज तीन लावून तीच करामत करतो.

आता बाजारात मिळणारे टेनिस क्रिकेटचे स्टंप बघा. अनेक ३.२ सेंटिमीटर जाडीचे असतात. ते २२.८६च्या रुंदीत ठोकलेत तर फट ६.६ होते. टेनिस चेंडूचा व्यास साधारण ६.५ ते ६.९, वर तो दबतो. गेला आरपार! बारीक स्टंप असतील तर एकूण रुंदी २१ सेंटिमीटर ठेवा, फट बरोबर ५.७ येईल. पुस्तकातला नऊ इंचाचा आकडा पाळायच्या नादात फट वाढवू नका.

यासाठी प्लायवूडची एक पट्टी करून ठेवा. जाड स्टंपसाठी मध्यापासून मध्यापर्यंत ९५ मिलिमीटर अंतरावर तीन भोकं, बारीक स्टंपसाठी ८९ मिलिमीटरवर. भोक स्टंपच्या जाडीपेक्षा मिलिमीटरभर मोठं. पट्टी जमिनीवर ठेवून पहारीनं भोकं पाडायची, आणि स्टंप रोवल्यावर तीच पट्टी वरून घालून बघायची. खाली बरोबर आणि वर फाकलेलं असं फार वेळा असतं. दोनशे रुपयांच्या आत होणारी ही पट्टी आयोजकांना सांगून सांगून थकायला होतं, आणि तेच लोक दिव्यांच्या सेटसाठी मात्र वर्गणी काढतात.

ठोकताना बॅटच्या दांड्यानं डोक्यावर घाव घालू नका. खाचेचे काठ चेपतात, आत वळतात आणि बेलची नळी, म्हणजे खाचेत टेकणारं बारीक टोक, पकडून धरतात. डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून वर मोगरी मारा. ठोकून झाल्यावर आगपेटीच्या काडीनं खाच साफ करा, मातीचा एक खडा पुरतो. आणि पाणी! आपल्याकडची काळी माती वाळली की स्टंपला सिमेंटसारखी आवळते. असा स्टंप हलतच नाही, मग वरची बेल कशी हलणार? आदल्या संध्याकाळी भोकात पाणी सोडा, सकाळी रोवा, आणि दर डावाच्या मध्ये बुडाशी तांब्याभर पाणी. फार नको, नाहीतर प्रत्येक चेंडूला स्टंप वाकेल आणि तुम्ही दिवसभर तेच सरळ करत बसाल.

बेलची दिशा ही आणखी एक. बेलच्या दोन्ही नळ्या सारख्या नसतात. लांब नळी ३.५ सेंटिमीटर, आखूड २.०६, मधला जाड भाग ५.४. लांब नळ्या बाहेरच्या स्टंपांवर, आखूड दोन्ही मधल्या स्टंपवर. उलट ठेवलंत तर ३.८१च्या मधल्या डोक्यावर साडेतीनच्या दोन नळ्या येतात, त्या एकमेकींना रेटतात आणि बेल एकतर तिरकी बसते किंवा घट्ट. तसंच फट ५.४च्या जवळ आली तर बेलचं पोट दोन स्टंपांत पाचरीसारखं बसतं. तिथे तोफगोळा मारला तरी बेल पडायची नाही. नियमातच लिहिलंय की बेल बसवताना स्टंप बाजूला रेटले जाता कामा नयेत आणि बेल डोक्यावर १.२७ सेंटिमीटरपेक्षा जास्त दिसता कामा नये. दुसरा भाग सगळे वाचतात आणि खाच खोल करून ठेवतात. नळीच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा खोल खाच म्हणजे गोलंदाजाशी वैर. कोकणात पावसाळ्यानंतर लाकडी बेल फुगतात, त्या बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या.

वाऱ्यात बेल उडतात म्हणून खाचेत ओली माती किंवा च्युइंगम लावणाऱ्या मंडळींशी माझं कधीच जमणार नाही. वारा फारच असेल तर पंचांनी दोन्ही टोकांच्या बेल काढून ठेवाव्यात, नियम परवानगी देतो. मग यष्टी मोडली का, हे पंच आपल्या नजरेनं ठरवतात. वारा पडला की परत लावायच्या.

तर सेट घ्यावा का? दिवसा खेळत असाल तर घेऊ नका. दुपारच्या उन्हात लाल दिवा धड दिसतही नाही. फ्लडलाइटमध्ये खेळता आणि हौस आहे, तर घ्या, पण दुकानातच चार गोष्टी करून बघा. बेल बसवून एकच टोक उचला, दिवा लागता कामा नये. दोन्ही उचला, लगेच लागला पाहिजे. मग बेल जागेवर ठेवून स्टंपवर तळहाताचा फटका मारा. बेल न उठता दिवा लागला तर आतला सेन्सर संपर्क सुटल्याचा नसून नुसत्या धक्क्याचा आहे. असा सेट घेतलात तर प्रत्येक सामन्यात भांडण विकत घेतलंत. शेवटी, पेटलेला दिवा किती वेळ राहतो आणि बेल परत ठेवल्यावर आपोआप विझतो का, ते पाहा. हातानं रीसेट करावा लागत असेल तर पंच वैतागतात. जादा बेलची एक जोडी घ्याच, यॉर्करनं स्टंप मोडण्याआधी बेलचं प्लॅस्टिक तडकतं.

माझं ऐकाल तर ते पैसे एका चांगल्या ट्रायपॉडवर घाला. तुमच्याकडे भांडणं त्रिफळ्यावरून होत नाहीत, धावचीतवरून होतात. धावणारा माणूस सेकंदाला साधारण ६ मीटर जातो. मोबाइलच्या नेहमीच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो दोन फ्रेमच्या मध्ये २० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे बॅट आत की बाहेर ते कळतच नाही. ६० फ्रेमला १० सेंटिमीटर, १२०ला ५, स्लो-मोशनच्या २४०ला अडीच. बहुतेक वाद अडीच सेंटिमीटरमध्ये मिटतात.

फोन स्टंपच्या रेषेत नाही, पॉपिंग क्रीझच्या रेषेत लावायचा. ती स्टंपच्या पुढे १.२२ मीटरवर असते. एक पाऊल पुढेमागे झालं तरी बॅट रेषेच्या आत-बाहेर खोटी दिसते. फोन कमरेच्या उंचीवर, चौकटीत क्रीझ आणि बेल दोन्ही. झूम करताना तपासा, पुष्कळ फोनमध्ये २४० फ्रेम फक्त मुख्य लेन्सवर चालते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन शेवटच्या षटकात कुणाच्या तरी मावशीचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. अख्खा डाव रेकॉर्ड करू नका, स्लो-मोशन मिनिटाला शेकडो एमबी खातं आणि मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडतो. गोलंदाज धावायला लागला की चालू, चेंडू संपला की बंद, आणि फोनवर छत्री.

रात्री एक घोळ होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, २४० फ्रेमला कळतं. एक फ्रेम उजेडाची, पुढची काळोखी, आणि नेमकी बेल उठतानाची फ्रेम काळोखी असते. तेव्हा ६० फ्रेम आणि शटर १/१०० करा. अचूकता कमी होते, पण दिसतं तरी. आणि बॅट रेषेवर टेकलेली दिसली तर? बाद. क्रीझ म्हणजे रेषेची स्टंपकडची कड, बॅटचा काही भाग तिच्या आत हवा.

इतकं बोलून झाल्यावर एक कबूल करतो. दिवे आणि बॅटरी स्टंपमध्येही भरतात. तसा स्टंप साध्यापेक्षा जड आणि ताठ झाला, तर तोच चेंडू त्याला कमी हलवणार, आणि मग बेल कमी पडणार. म्हणजे वजनवाल्यांचं अगदीच खोटं नाही, फक्त ते चुकीची वस्तू काट्यावर ठेवतात. आयसीसीनं तेव्हा स्पर्धेच्या मध्यात बेल बदलायला नकार दिला होता. मला तो निर्णय बरोबर वाटला. अर्थात मी गोलंदाज नाही.

एक राहिलं. फेकीनं बेल आधीच पडली असेल आणि फलंदाज दुसऱ्या धावेसाठी परत निघाला असेल, तर तुमच्या पोरांना सांगून ठेवा की नुसता चेंडू स्टंपला लावून भागत नाही. एक बेल शिल्लक असेल तर ती पाडा. दोन्ही पडल्या असतील तर चेंडू ज्या हातात आहे त्याच हातानं, किंवा चेंडूला दोन्ही हात लागलेले ठेवून, स्टंप उपटायचा. एका हातात चेंडू आणि दुसऱ्या हातानं स्टंप उपटणारे दर स्पर्धेत दोन तरी निघतात, आणि दिवे तेव्हाही झकास पेटलेले असतात.